मर्यादित जबाबदारी

कायदा सांगतो, दस्त मोठ्यानं वाचला पाहिजे,
शब्दन् शब्द, समोरच्यांना पाठ असला तरी.
म्हणून एकतीस वर्षं मी वाचतोय
इलांझच्या या खोलीत, खिडकीखाली ऱ्हाइन,
दुसऱ्यांच्या कंपन्यांचे जन्म.
आवाज सपाट ठेवतो. काम बारशाचं,
पण पाळणा हलवायचा नाही.

मंगळवारी सव्वानऊला उर्सिना काद्रुवी आली,
वय त्रेपन्न, केबल-गाड्यांच्या कारखान्यातून
पुनर्रचनेत मोकळी झालेली.
सुंभ तिथंच जळलं होतं,
पीळ ती बरोबर घेऊन आली होती.
सोबत तेस्फालेम हाब्ते, अस्माराचा वेल्डर,
अकरा वर्षांत आमच्याहून वेळेवर यायला शिकलेला:
पावणेनऊपासून खाली थंडीत उभा होता.

धंदा काय, तर दोर सांधणं.
डोंगरावर माणसं नेणाऱ्या पोलादी दोराला
गाठ चालत नाही. गाठ चाकावर अडते.
अठ्ठेचाळीस मीटरचा सांधा,
सहा पेडांत सहा पेड गुंफायचे,
आतला गाभा कापून काढायचा
आणि त्या पोकळीत पेडाचं टोक निजवायचं.
मग ते धरून कसं राहतं? मी विचारलं.
हे दस्तात नव्हतं.
"ओझ्यानं," ती म्हणाली. "ओढाल तितकं घट्ट."

वीस हजार फ्रँक बँकेत कुलूपबंद.
तिचे चौदा, त्याचे सहा,
त्या सहांतले दोन भावाच्या लग्नाचे.
नाव एकदा कूरहून परत आलेलं:
नुसतं 'सुगा' चालणार नाही,
सुगा म्हणजे आमच्या बोलीत दोर,
आणि दोर हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा नाही.
मग पुढे दोघांची नावं जोडली. मंजूर.

कलम दोन, उद्देश.
दोर सांधणे, तपासणे, बदलणे,
आणि उद्देशास पूरक असे सर्व काही.
"सर्व काही म्हणजे पहाटे चारची कॉफीसुद्धा?"
उर्सिना एकटीच हसली.

कलम चारवर तेस्फालेमनं हात वर केला,
शाळेतल्यासारखा.
"मर्यादित म्हणजे कुठवर?"
वीस हजारांपर्यंत, मी म्हणालो.
तुमचं घर, भांडी, बायकोची सायकल,
कुणी हात लावणार नाही.
तो गप्प. मग हळूच:
"पण दोराखाली माणसं लटकत असतील.
तेव्हा कुठवर?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
हॉटेलवाल्यांनी नाही, दंतवैद्यांनी नाही,
त्या दोघा भावांनी नाही, ज्यांचं दिवाळं
मीच याच टेबलावर, याच आवाजात वाचलं.
मी चष्मा पुसला.
विमा वेगळा असतो, असं काहीसं बोललो.
"आमच्यात ते ठरलंय," उर्सिना म्हणाली.
"तुम्ही पुढे वाचा."

सह्या झाल्या. तिच्या अंगठ्याचं ग्रीस
तिसऱ्या पानाच्या कडेला उमटलं.
पान बदलायला हवं होतं.
बदललं नाही.

त्यांचं पहिलं बिल तिसाव्या दिवशी चुकतं झालं,
एकोणतिसाव्या नाही.
आमच्या देशात पैसा सहसा बुडत नाही,
शेवटच्या तासापर्यंत दारात थांबतो फक्त,
आणि तोवर पावावरचं चीज पातळ कापावं लागतं.
हे मला तेस्फालेमनं सांगितलं, बाजारात,
तक्रार नव्हती, माहिती होती.

परवा नातवाला घेऊन चेअरलिफ्टवर बसलो.
आजोबा, हा दोर सुरू कुठून होतो?
मी वर पाहिलं. सांधा असणारच,
आमच्या पुढे किंवा मागे,
आमच्याच वेगानं चाललेला.
ओळखू आला नाही.
मधेच लिफ्ट थांबली, वीसेक सेकंद.
खाली कुणीतरी चढताना घसरलं असेल.
पोरानं माझं बोट धरलं,
आणि मी कलम चार
पुन्हा एकदा वाचून पाहिलं,
मोठ्यानं नाही.